भिंत सांभाळ

वकिलांनी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, बघा, स्वतःला बघा जरा एकदा. रविवारची सकाळ होती, क्लबातली निम्मीअधिक टेबलं अजून झाकलेलीच होती, आणि वकिलांना नवा मोबाइल मिळाल्यापासून दिसेल त्याचं चित्रण करायची खोड लागली होती. त्याने चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. पडद्यावर एक माणूस स्नूकरच्या टेबलावर वाकायला निघाला होता आणि वाकता वाकता मध्येच काहीतरी आठवून थबकला होता. उजवं कोपर कानापर्यंत वर, कोंबडीने पंख झाडावा तसं. क्यूचं, म्हणजे खेळायच्या काठीचं, मागचं टोक छताकडे. मूठ अशी आवळलेली की क्यू हातातून पळून जाणार असावी. दोन्ही पाय एका रेषेत, कंबर एका अंगाला, पाठ आत ओढलेली. मागे ही एवढी मोकळी जागा, आणि हा माणूस अंग चोरून उभा. मग त्याने आखूड झटका दिला, लाल बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला, आणि त्या माणसाने जी मान हलवली ती बघून त्याला कळलं, अरे, हे तर आपण. आता बोला! दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसून लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा माणूस, पन्नाशी उलटलेला, आणि त्याला स्वतःची पाठ ओळखता येऊ नये. चित्रणात मागून बाकावर बसलेल्या त्याच्या बाबांचा आवाजही आला होता, धाकट्या, भिंत सांभाळ, आणि त्यावर सगळे हसल्याचा. वकील आताही हसत होते, वाईट मनाने नव्हे. कोण उभं असतं हो तुमच्या मागे, त्यांनी विचारलं, एवढं सांभाळून उभे राहता ते? तो हसला आणि क्यूच्या टोकाला चॉक लावत बसला.

मागे कोणी नव्हतं. मागे भिंत होती, म्हणजे एके काळी होती. तो लहान असताना बाबांचा स्वतःचा क्लब होता, म्हणायला क्लब, एरवी एका इमारतीच्या मागच्या अंगाची लांबोडकी खोली, जिथे आधी कोणाचंतरी गोदाम होतं. टेबल आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली होती आणि टेबल बसल्यावर बघतात तो काय, एका बाजूला भिंतीत आणि टेबलात माणूस जेमतेम आडवा होऊन शिरेल एवढीच फट. टेबल मधोमध सरकवता आलं असतं. पण मग दोन्ही बाजू अर्ध्यामुर्ध्या झाल्या असत्या, आणि बाबा म्हणाले, एक बाजू तरी धड हवी. तेव्हा खिडकीची बाजू धड राहिली, तिथे गिऱ्हाइकांचा बाक आला, आणि भिंतीची बाजू तशीच राहिली. भिंतीकडून खेळायची वेळ आली की गिऱ्हाइकं खुंटीवरची आखूड क्यू घेत. पोरांना मात्र तिला हात लावायची बंदी. आखूड क्यूने खेळलं की हात आखूड होतो, असं बाबांचं ठाम मत. सकाळी शाळेच्या आधी दोघं भाऊ एकाच टेबलावर सराव करत, थोरला खिडकीकडून आणि तो भिंतीकडून. कारण विचाराल तर साधंच होतं, तो बारीक होता आणि फटीत मावत होता. मावणाऱ्याला मावेल तिथे ठेवतात, त्यात काही अन्याय नाही, हे त्याने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ते त्याला खरंही वाटे. बाबा थोरल्याच्या मागे उभे राहत. त्याचं कोपर दोन बोटांनी धरून सरळ रेषेत आणत, आपल्या चपलेने त्याचा पाय इंचभर सरकवत, मनगट हलवून बघत. आणि कधी थोरला नीट खाली वाकला, हनुवटी क्यूला टेकली, की म्हणत, वा, काय उभा राहिलास. हे वाक्य टेबल ओलांडून पलीकडे ऐकू यायचं. बाबांचा देह मोठा. एकदा त्यांनीही फटीत शिरायचा प्रयत्न केला होता, तर पोट टेबलाच्या काठाला अडकलं, ना आत ना बाहेर, आणि दोघं भाऊ हसून हसून बेजार झाले. बाबाही हसले. पण पुन्हा काही ते तिकडे आले नाहीत. त्याला जे काही शिकवलं ते टेबलाच्या पलीकडून, समोरून. कोपर वर घे. क्यू उचल. धाकट्या, भिंत सांभाळ. क्यूचं टोक मागे भिंतीला लागलं की गिलाव्याचा चुरा मानेवरून कॉलरच्या आत उतरायचा आणि शाळेत दिवसभर पाठीला खाज सुटायची. मारही नव्हता की रागवणंही नव्हतं. फक्त ती खाज. ती येऊ नये म्हणून तो हळूहळू असा उभा राहायला शिकला की भिंतीला कधीच काही लागेना, आणि त्याला वाटलं, आपल्याला जमलं.

ती इमारत पाडून कितीतरी वर्षं झाली, तिथे आता गाड्या उभ्या करतात. थोरल्याने खेळ केव्हाच सोडला, दूरच्या शहरात नोकरी, रविवारी दुपारी फोन, बाबा कसे आहेत, बरे आहेत. सांगण्यासारखं दुसरं होतं काय? बाबा धाकट्याच्या घरी होते आणि त्यांच्या डोक्यातले दिवे एकेक करून विझत चालले होते. आधी तारखा गेल्या, मग रस्ते, मग माणसं. घरात ते त्याला ओळखत नसत. कधी तो गॅसवाला असे, कधी घरमालक, आणि एकदा तर त्यांनी त्याला अगदी गळ घालून सांगितलं होतं की साहेब, मला घरी सोडा, माझी मुलं वाट बघत असतील. तो म्हणाला, सोडतो. चहा घ्या, मग सोडतो. हे सगळं त्याने अंगवळणी पाडून घेतलं होतं, कारण आठवड्यातून एक रविवार होता. रविवारी तो बाबांना रिक्षाने क्लबात आणायचा, बाकावर बसवायचा, आणि समोरच्या बाजूला जाऊन पहिल्या शॉटसाठी वाकायचा. आणि वाकला रे वाकला की पलीकडून आवाज यायचा, धाकट्या, भिंत सांभाळ! सगळे हसत. भिंत नव्हतीच, मागे दुसऱ्या टेबलापर्यंत मोकळं होतं. पण बाबांचे डोळे तेवढ्यापुरते जागे व्हायचे, ते त्याच्याकडे बघत ते त्याच्याकडेच बघत, गॅसवाल्याकडे नव्हे. मधूनच विचारत, शाळा काय म्हणते रे? तो म्हणायचा, चाललीय. तेवढ्यावर त्याचा पुढचा आठवडा निघायचा. हे असं का होतं, हे त्याने कधी शोधलं नाही. जागेचा गुण असेल, चॉकचा वास असेल, बॉलवर बॉल आपटल्याचा आवाज असेल. चालत्या घड्याळाचं झाकण कोण उघडून बघतं?

पण वकिलांच्या त्या चित्रणाने त्याचं काहीतरी बिघडवलं खरं. आतापर्यंत तो नुसता उभा राहत होता, आता तो स्वतःला उभं राहताना बघू लागला. लिफ्टमध्ये एकटा असला तरी तो कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, हे त्याच्या लक्षात आलं. दुकानात, डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत, गिऱ्हाइकाच्या नाकावर जड चौकट चढवून त्यात एकामागून एक भिंगं घालताना तो भिंतीला चिकटून, उजवा खांदा वर करून उभा असे. आधीचं बरं दिसतंय की हे, असं दिवसभर विचारायचं आणि स्वतः मात्र असं उभं राहायचं. लग्नाचा फोटो काढून बघितला, तर तिथेही तो चौकटीच्या कडेला, अंग चोरून, जणू फोटोत चुकून आलेला पाहुणा. बायको कधीची थट्टा करायची, पलंग काय माझ्या एकटीच्या नावावर आहे का, एवढे कडेला झोपता ते. तेव्हा तो हसायचा. आता रोज पलंगाच्या मध्यावर झोपायचा प्रयत्न करू लागला आणि सकाळी कडेलाच जाग यायची. लाज वाटली त्याला, खरीखुरी लाज, आणि लाजेच्या मागोमाग राग. आयुष्यभर सांभाळलं ते काय, तर एक भिंत. आणि ती पाडणाऱ्यांनी एका दुपारात पाडली, कोणाला विचारलंही नाही.

त्याच सुमारास बाबा न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन, वॉकर, बेडपॅन, बायकोची आणि त्याची पाळी. रविवार बंद झाले. घरातल्या घरात तो आता कायमचा गॅसवाला झाला. आणि मोकळ्या पडलेल्या संध्याकाळी, दुकान बंद करून, तो क्लबातल्या कोचबाईंकडे जाऊ लागला. बाई एके काळी मोठमोठ्या स्पर्धा खेळलेल्या, आता पाठीला पट्टा बांधून शिकवायच्या, बोलायला फटकळ. त्याने खेळ सुधारायचाय म्हणून सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण आतली गोष्ट निराळी होती आणि ती सांगायची त्याला चोरी. त्याला वाटत होतं, बाबा पुन्हा बाकावर येऊन बसतील तेव्हा आपण सरळ उभं राहावं, आणि त्यांनी एकदा, एकदाच, म्हणावं, वा, काय उभा राहिलास. मेंदूत अजून एखादा दिवा शिल्लक असेल तोवर. पन्नाशीच्या पुढच्या माणसाने असली इच्छा धरावी, हे हसण्यासारखंच आहे. तोही हसला स्वतःला आणि गेला.

बाईंनी आधी बॉल काढून ठेवले. क्यूसुद्धा काढून घेतली. नुसते उभे राहा म्हणाल्या. मग त्यांनी फरशीवर खडूने एक रेघ ओढली आणि त्याला मागे जायला सांगितलं. तो दोन पावलं मागे गेला. अजून मागे, त्या म्हणाल्या, अहो घाबरताय कशाला, मागे मोकळं आहे. शॉट मागून चालत येऊन घ्यायचा असतो, बाजूने चोरासारखं शिरायचं नसतं. उजवा पाय रेघेवर, तो गुडघ्यात ताठ. डावा पुढे आणि जरासा बाहेर, गुडघ्यात सैल. मग क्यू परत हातात, आणि खाली, पुरतं खाली, हनुवटी क्यूला टेकेपर्यंत. पहिल्या दिवशी तो खाली गेला आणि कोपर आपसूक वर चढलं. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या, दोन बोटांनी त्याचं कोपर धरलं आणि खाली आणलं. एवढंच. पण या खेळात त्याच्या कोपराला आजवर कोणी हात लावला नव्हता, आणि त्याने चष्मा पुसायचं निमित्त करून तोंड फिरवलं. मग मूठ. मुठीत काय धरलंय तुम्ही, बाई म्हणाल्या, गळा दाबताय तिचा. अंगठा आणि पहिलं बोट, एवढ्यांनीच धरायची, बाकीची बोटं नुसती सोबतीला. क्यू मागे नेली की शेवटची दोन बोटं सुटली पाहिजेत. ती दोन बोटं काही सुटेनात. तो दुकानात भिंग धरताना ती सोडून बघे, चहाचा कप धरताना, बाबांचा हात धरून त्यांना वॉकरपर्यंत नेताना. बाबांचा हात मात्र सैल धरून चालण्यासारखं नव्हतं.

मध्ये एक काळ असा आला की जुनं गेलं आणि नवं आलं नाही. धड एक शॉट बसेना. टेबलाशी गेलं की पाय कुठे ठेवायचा इथपासून विचार सुरू, जिना उतरताना पायऱ्यांचा विचार केला की पाय अडखळतो तसं. क्लबातले लोक कीव करू लागले. सोडा हो, या वयात कशाला नसता उपद्व्याप, असंही कोणी म्हणालं. त्याला रात्री झोपेत गिलाव्याचा चुरा पाठीवर पडल्यासारखा वाटे, आणि बायको विचारी, काय खाजवताय एवढं? पण तो जात राहिला. आणि एका संध्याकाळी, ध्यानीमनी नसताना, ते झालं. तो मागून चालत आला, पाय रेघेवर पडला, अंग आपणहून खाली गेलं, बोटं सुटली, आणि बॉलचा जो आवाज आला तो त्याने या हातातून कधीच ऐकला नव्हता. कोरडा, स्वच्छ टक्. लाल बॉल पॉकेटच्या मधोमध नाहीसा झाला. बाईंनी पुढचा बॉल ठेवला. तोही गेला. त्या दिवशी घरी येताना तो फूटपाथच्या मधून चालला. बायको म्हणाली, मान दुखायची थांबली वाटतं, हल्ली सरळ दिसता. तो इतका खूश झाला की बाबांना जेवण भरवताना गुणगुणत होता, आणि बाबांनी विचारलं, गॅसवाले, आज फार खुशीत?

बाबा वॉकर सोडून काठीवर आले, डॉक्टरांनी बाहेर न्यायला हरकत नाही म्हटलं, आणि रविवार परत आला. त्याने बाकावर उशी ठेवली, बाबांना बसवलं, काठी त्यांच्या गुडघ्याशी टेकवली. वकील शेजारी होते. तो वळसा घालून समोरच्या बाजूला गेला. मागे गेला, अजून मागे, चालत आला, खाली वाकला. आणि सवयीने थांबला, आवाज यायची वाट बघत. कोणी काही बोललं नाही. त्याने शॉट घेतला, लाल बॉल गेला. दुसरा घेतला, निळा गेला. मान वर करून पाहिलं. बाबा त्याच्याकडेच बघत होते, पण गिऱ्हाइकाकडे बघावं तसे, सभ्यपणे. मग ते वकिलांकडे वळून म्हणाले,

"कोण आहेत हे? वा, काय उभे राहतात."

वकील मोठ्याने हसले. म्हणाले, अहो बाबा, तुमचाच मुलगा की हा, धाकटा. बाबाही हसले, कोणी चांगली थट्टा केली की हसतात तसे. छे छे, ते म्हणाले, माझा धाकटा वाकडा उभा राहतो. आणि दाराकडे बघू लागले. तो क्यू धरून तिथेच उभा राहिला. हवं होतं ते वाक्य त्याला मिळालं होतं, शब्दन्‌शब्द मिळालं होतं, आणि ते भलत्याच कोणालातरी मिळालं होतं. आता त्याला घड्याळाचं झाकण उघडून आत काय होतं ते दिसलं. चॉकचा वास नव्हता की बॉलचा आवाज नव्हता. एवढी वर्षं टेबलाच्या पलीकडून त्या माणसाने जे एक चित्र पाहिलं होतं, वर चढलेलं कोपर, चोरलेली पाठ, तेवढंच त्याच्या डोक्यात शिल्लक राहिलं होतं. चेहरा गेला, नाव गेलं, वाकडेपणा राहिला. आणि तो आपण संध्याकाळी घाम गाळून, रेघा ओढून, पुसून टाकला. परतताना रिक्षात बाबा त्याला म्हणाले, तुमचे वडील नशीबवान आहेत हो. त्याने बाहेर बघितलं, दुकानांच्या पाट्या वाचल्या आणि त्यांतली एकही कळली नाही.

सोमवारपासून त्याने वाकडं उभं राहण्याचा सराव सुरू केला. हसा हवं तर. झोपायच्या खोलीत कपाट आणि भिंत यांच्यामध्ये अशीच एक फट होती, तो तीत शिरायचा, टाच भिंतीला लावायचा, क्यू उचलायचा. पण तेव्हाचा बारीक मुलगा आता बारीक राहिला नव्हता, पोट कपाटाला लागलं, आणि आपण आता हुबेहूब बाबांसारखे अडकलोय हे कळून त्याला हसूही आलं आणि रडूही. वकिलांकडून ते चित्रण मागवून घेतलं. दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, अंधाऱ्या खोलीत बसून तो ते बघे. पडद्यावरचा माणूस वाकायचा, आवाज यायचा, धाकट्या, भिंत सांभाळ, आणि तो पुन्हा पहिल्यापासून लावायचा. त्याला त्या माणसाचा हेवा वाटला. त्या बावळटाला कोणीतरी हाक मारत होतं आणि त्याचं त्याला काही नव्हतं, तो आपला बॉल मारण्यात दंग. गिऱ्हाईक आत येऊन खुर्चीवर बसलं, त्याने भिंग बदललं, आणि नेहमीचं विचारायला तोंड उघडलं, आधीचं बरं की हे, आणि ते न विचारताच भिंग काढून ठेवलं. बाईंकडेही गेला. मला जुनं परत हवंय म्हणाला. बाईंना आधी थट्टा वाटली, मग त्याचं तोंड बघून त्यांनी त्याला बाकावर बसवलं. त्याने सगळं सांगितलं. बाई खडूचा तुकडा बोटांत फिरवत म्हणाल्या, मला सरळच शिकवता येतं हो. आणि तुमचं ते कसं होतं, ते मला आता आठवतही नाही. त्याच्या अंगालाही आठवत नव्हतं. कोपर वर धरलं तर दुखायचं, मूठ आवळली तर शेवटची दोन बोटं आपोआप सुटायची. एवढी हट्टी बोटं, सुटता सुटत नव्हती, आणि आता धरता धरत नव्हती. बायकोने फटीत उभा असलेला त्याला बघितलं आणि कपाटाला टेकून म्हणाली, "अहो, ते घरात तरी कुठे ओळखतात तुम्हाला? सोडून द्या ना." तो म्हणाला, घरात नाही ओळखत म्हणूनच. तिने कपाट ढकलून त्याला बाहेर यायला जागा करून दिली.

पुढच्या रविवारी क्लबात गर्दी नव्हती. खिडकीतून ऊन टेबलाच्या अर्ध्या कापडावर आलं होतं. बाबा बाकावर, गुडघ्याशी काठी. तो समोर गेला. मागून चालत आला नाही, बाजूने शिरला, चोरासारखा. पाय एका रेषेत आणले, कंबर अंगाला काढली, पाठ आत ओढली, कोपर वर नेलं, अजून वर, कानापर्यंत, आणि मूठ आवळली. चित्रणातल्या माणसाचं एकेक अंग त्याने आठवून आठवून लावलं, दुसऱ्याचा सदरा चढवावा तसं. वकिलांनी बघितलं आणि फस्सकन हसले, कोणाची नक्कल करताय हो, म्हणाले. आणि तेवढ्यात पलीकडे काठी फरशीवर आपटली. बाबा उठून उभे राहिले होते, खुब्याचं हाड विसरून, चेहरा लाल.

"थट्टा करता काय माझ्या पोराची?"

वकील घाईने उठले, बाबांना धरून बसवू लागले, पण त्यांनी हात झिडकारला. बाबा त्याच्याकडे बघत होते, या वेळी गिऱ्हाइकाकडे बघावं तसं नव्हे, रागाने, आणि त्या रागात एवढी माया होती की त्याला ती सोसवेना. तो तसा उभा राहतो म्हणून हसता होय, ते म्हणाले, चांगल्या घरचे दिसता, लाज नाही वाटत? तो कोपर वर घेतलेल्या अवस्थेत तसाच थिजला होता. आयुष्यात पहिल्यांदा बाबा त्याच्या बाजूने भांडत होते, आणि ते त्याच्याशीच. त्याने क्यू टेबलावर ठेवली. वळसा घालून बाकाशी आला आणि म्हणाला, चुकलं माझं. पुन्हा नाही करणार. बाबा खाली बसले. राग जसा आला तसा उतरला, धाप लागली होती. त्याने त्यांना पाणी दिलं. ते प्यायले, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, आणि त्याच्याकडे निरखून बघत राहिले. मग ओळख पटल्यासारखं हसले.

"तुम्हीच ना ते, मागे छान उभे राहिलात ते?"

तो हो म्हणाला. बाबा बाकावर जरा सरकले, त्याला बसायला जागा करून दिली. मग आवाज खाली आणून, शेजारच्याला घरातलं काही सांगावं तसे बोलू लागले. माझा थोरला आहे, त्याचं ठीक आहे. धाकट्याचं मात्र राहून गेलं बघा. पोर गुणी आहे, तक्रार म्हणून नाही. पण तिकडे जागाच नव्हती. मी एकदा गेलो होतो आत, अडकलो, पोरं हसायला लागली. मग नाही गेलो. टेबल सरकवायला हवं होतं. बोलता बोलता त्यांनी त्याचं कोपर धरलं, दोन बोटांनी, जिथे धरायचं असतं नेमकं तिथे.

"तुम्ही दाखवाल का त्याला जरा? माझ्यानं झालं नाही ते."

त्याला म्हणायचं होतं, बाबा. तो शब्द जिभेपर्यंत आला, आणि त्याला दिसलं की तो ऐकून समोरचा म्हातारा पुन्हा थट्टा समजेल, पुन्हा रागावेल, आणि ही दोन बोटं कोपरावरून निघून जातील. त्याने कोपर अजिबात हलवलं नाही.

"दाखवीन की," तो म्हणाला.

येईलच तो एवढ्यात, बाबा म्हणाले, शाळा सुटली की इकडेच येतो. थांबाल ना? तो म्हणाला, थांबतो. ऊन टेबलावरून हळूहळू फरशीवर उतरलं. वकिलांनी बॉल न वाजवता गोळा करून पेटीत ठेवले आणि टेबलावर कापड ओढलं. बाबा दाराकडे बघत बसले होते, आणि त्यांच्या शेजारी तोही दाराकडे बघत बसला.